चाळीस आत्या

धैर्यसेन महाराजांना शिकारी कुत्र्यांसाठी घर हवं होतं, आणि सांबरगडात त्यांना रिकामी दिसणारी इमारत एकच होती. शाळेची! ती रिकामी दिसायची, कारण शाळेतली चाळीस मुलं आणि त्यांचे पंतोजी सदा बोडक्या टेकडीवर. पानं मोजत गणित, माती चाळत भूगोल. गेल्या वर्षी त्यांनी टेकडीवर रोपं लावली होती. शेळ्यांनी ती आठ दिवसांत फस्त केली. तेव्हापासून शाळेचं नाव काढलं की महाराजांना हसू यायचं.

त्यांनी पंतोजींना दरबारात बोलावून घेतलं. टेकडी उघडी पडली म्हणून गावच्या विहिरी आटतात, मुलांनी हे आत्ताच शिकायला हवं, असं पंतोजी परोपरीनं सांगू लागले. पण महाराज हट्टाचे पक्के.

"शाळा म्हणजे पाटी आणि छडी," ते म्हणाले. "तरी एक संधी देतो. टेकडीवर चाळीस रोपं लावा. कुंपण घालायचं नाही, रखवालदार ठेवायचा नाही, आणि माझ्या एकाही नोकरानं पाणी घालायचं नाही. वर्षानं मी मोजायला येईन. एक जरी कमी भरलं, तर शाळेत कुत्री!"

पंतोजी तोंड पाडून परतले. मुलं रडवेली झाली. एकटी ठकू रडेना. ठकू धनगराची मुलगी. गेल्या वर्षी रोपं खाणाऱ्या शेळ्यांतल्या निम्म्या तिच्याच बापाच्या होत्या, त्यामुळे तेव्हा ती पोटभर रडून घेऊन मोकळी झाली होती. तिनं पंतोजींकडून महाराजांची अट तीनदा वदवून घेतली.

"पाहुण्यांनी, नातेवाइकांनी यायचं नाही, असं म्हणाले का?"

"नाही बुवा."

"मग रोपं लावू आणि त्यांचं बारसं करू."

आणि खरंच बारसं झालं. घरोघरून हरभरे गोळा करून घुगऱ्या शिजवल्या. एकेका रोपापुढे एकेक मूल आत्या म्हणून बसलं. मुलगेसुद्धा आत्याच! प्रत्येकानं वाकून रोपाच्या पानाशी तोंड नेलं, कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. रीतीप्रमाणे बाकीच्यांनी आत्याच्या पाठीत धपाधप धपाटे घातले. पंतोजींना हसून हसून ठसका लागला. नावं ठकूनंच ठरवली होती. कडुलिंबाचं नाव धैर्यसेन महाराज, जांभळाचं प्रधानजी, फणसाचं सेनापती. अशी गावातल्या बड्या माणसांची चाळीस नावं.

दुसऱ्याच दिवशी ठकूच्या बापानं शेळ्या टेकडीच्या उलट्या बाजूला वळवल्या. बाकीच्या धनगरांनीही तेच केलं. कुणी विचारलं तर ते म्हणत, "उद्या आमच्या शेळीनं महाराजांना खाल्लं, असं गावभर झालं तर आम्ही जायचं कुठं?"

पंतोजींचा अभ्यासही जोरात चालला होता. मुलं दर आठवड्याला दोऱ्यानं रोपांची उंची मोजत आणि शाळेच्या बाजाराकडच्या भिंतीवर कोळशानं लिहीत. बाजाराला आलेली माणसं भाजी घ्यायच्या आधी भिंत वाचू लागली. "प्रधानजी तीन वीत. सेनापती दीड वीत, अंग धरत नाहीत." चैत्रात तर तिथं लिहिलं होतं, "सेनापती पिवळे पडले. पाणी हवं."

ते वाचून भाजीवाल्या सेनापतींना तब्येत विचारू लागल्या. तिसऱ्या दिवशी भर दुपारी सेनापती खांद्यावर घागर घेऊन धापा टाकत टेकडी चढले. सेनापती अर्ध्या वितीनं वाढले, म्हणून प्रधानजी स्वतःच्या गोठ्यातलं शेणखत पाटीत घालून निघाले. चाळीस आत्या तर सकाळ-संध्याकाळ हजर असतच.

वर्ष भरलं. महाराज टेकडीवर आले. त्यांनी एकदा मोजलं, दोनदा मोजलं. चाळीस! हिरवीगार, डुलणारी चाळीस झाडं. महाराजांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अट मोडली आहे," ते म्हणाले. "ही पोरं रोज इथं पहारा करत होती."

ठकू पुढे झाली. "पहारा कुठला, महाराज? आत्या भाच्याला बघायला येते. येताना रिकाम्या हातानं कशी येईल? म्हणून तांब्याभर पाणी आणायचो."

"आणि सेनापती? तो माझा नोकर आहे. त्यानं पाणी घातलं."

सेनापतींचा चेहरा चैत्रातल्या फणसासारखा पिवळा झाला. पंतोजींनी शाळेच्या किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या.

"ते नोकर म्हणून नाही आले," ठकू म्हणाली. "आपल्या नावाचं झाड सुकू नये म्हणून आले. तरीही तुम्ही त्यांना नोकर धरणार असाल, तर आणखी एकाला धरावं लागेल. वैशाखभर एक घोंगडीवाला रोज यायचा आणि कडुलिंबाला पाणी घालायचा. तोंड झाकलेलं, पण हातातल्या तांब्यावर राजमुद्रा होती. तोही तुमचाच नोकर का, महाराज?"

महाराजांनी आभाळाकडे पाहिलं. मग कडुलिंबाकडे पाहिलं. त्यांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं, आणि ते असे खदखदा हसले की त्यांचा फेटा सुटून खांद्यावर आला.

"भिंतीवर लिहिलं होतं, महाराज प्रधानजींपेक्षा बुटके!" ते डोळे पुसत म्हणाले. "मग काय करणार होतो मी?"

शाळा मुलांचीच राहिली. वर राज्यातल्या प्रत्येक शाळेला एकेक टेकडी मिळाली, आणि बिनझाडाचा अभ्यास पुरा धरायचा नाही असं फर्मान निघालं. कुत्र्यांना महाराजांच्या वाड्याची पडवी मिळाली. ठकूला काय हवं, असं विचारल्यावर तिनं एवढंच मागितलं की शेजारच्या टेकडीवरच्या पहिल्या रोपाची आत्या महाराजांनी व्हावं.

महाराज खुशीत मांडी घालून बसले. वाकून पानाशी तोंड नेलं, कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं, "ठकू!"

तेवढ्यात त्यांना मागे कुजबुज ऐकू आली. वळून बघतात तो चाळीस मुलं बाह्या सरसावून रांगेत उभी, आणि सगळ्यांत पुढे सेनापती!