हौसाबाईची गेलेली ज्वारी

राजा सुभानरावाच्या लाडक्या हत्तीने हौसाबाईच्या घराची भिंत पाडली आणि आत ठेवलेली आठ पायल्या ज्वारी बांबूच्या कणगीसकट फस्त केली! नदीवरून आंघोळ करून येताना स्वारीला धान्याचा वास लागला, एवढंच निमित्त.

हौसाचा नवरा राजाच्या लढाईत पडला होता. अशा घरांना सरकारी कोठीतून दरमहा शिधा मिळे. महिन्याची ज्वारी आदल्याच दिवशी घरी आली होती. आता घरात उरली होती दोन पोरं, एक म्हातारी सासू आणि वाटीभर मीठ. पुढचा शिधा एकोणतीस दिवसांनी! मीठ चाटून एकोणतीस दिवस काढायला पोरं काही साधुसंत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच हौसा तडक कोठीवर गेली. कोठीचे कारभारी अंताजीपंत लोडाला टेकून ज्वारीचे दाणे दाताखाली कटाकट फोडत बसले होते. याला ते धान्य तपासणं म्हणत. तपासणी सकाळी सुरू होई आणि जेवणाच्या वेळेला तेवढी थांबे.

"पंत, माझा शिधा गेला. बदली द्या."

"गेलेला शिधा दाखव."

"अवो, गेलेला कसा दावू? गेला म्हंजे गेला!"

"मग मिळायचा नाही." पंतांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. "नियम ऐक. गेलेलं धान्य कोठीत आणावं, पंतांनी ते दाताखाली धरून खरं ठरवावं, मग तेवढंच नवं द्यावं. खुद्द महाराजांनी केलेला नियम आहे. आजवर एकालाही बदली शिधा द्यावा लागला नाही, इतका उत्तम नियम!"

"आणि ज्याचं घर जळलं, त्यानं काय आणायचं?"

"एकाने राख आणली होती. फार कचकच लागली. नामंजूर!"

हौसाचं डोकंच फिरलं. तिथून निघाली ती थेट दरबारात.

राजा सुभानराव तसा वाईट नव्हता. पण एकदा 'नाही' म्हणाला, की देवानेसुद्धा सांगून उपयोग नसे. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मिशीवरून हात फिरवला.

"हत्ती माझा, हे खरं. पण नियमही माझाच! लोक रोज येतात. कुणाचं उंदराने खाल्लं, कुणाचं पुरात गेलं. माझ्या राज्यात इतके उंदीर नाहीत! गेलेलं धान्य आण, नवं घेऊन जा. परवा सकाळपर्यंत मुदत."

"आणलं तर पंत तपासतील नव्हं?"

"तपासतील."

"कसंबी असलं तरी?"

"कसंही असलं तरी! राजाचा शब्द आहे!"

"झ्याक!" असं म्हणून हौसा निघाली. दरबारी मंडळी एकमेकांकडे बघून हसली. बाईला दुःखाने वेड लागलं, असं त्यांना वाटलं.

हौसा शेजारणीकडून चार टोपल्या मागून घेऊन हत्तीखान्यात गेली आणि हत्तीच्या मागे ठाण मांडून बसली.

माहूत म्हणाला, "हौसाबाई, गवऱ्या थापायच्यात का काय?"

"न्हाई रं बाबा, घरची ज्वारी न्यायला आलेय."

माहूत डोकं खाजवत निघून गेला. हत्तीने मात्र हौसाला अजिबात ताटकळत ठेवलं नाही.

मुदतीच्या सकाळी भरदरबारात चार टोपल्या आल्या. वर केळीची पानं झाकलेली. हौसाने पानं उचलली, आणि पहिल्या रांगेतले मानकरी मान विसरून मागे सरकले. राजाने उपरण्याचं टोक नाकाला लावलं.

"हे काय आहे?" पंत किंचाळले. "ही तर लीद आहे!"

"ही माझी ज्वारी हाय. वाटंत महाराजांच्या हत्तीच्या पोटातनं यावं लागलं, म्हणून दोन दिस लागलं." हौसाने काडीने उकरून दाखवलं. "बघा की, दाणं कसं अख्खंच्या अख्खं हायेत! मेला चावतोय कुठं!"

खरंच, दाणे अख्खे होते.

"पण हे आठ पायल्यांहून पुष्कळ जास्त आहे!" पंतांना एकदम आशा वाटली. "म्हणजे दावा खोटा!"

"माझ्या आठच. वरचा माल हत्तीचा सोताचा, म्हंजे सरकारी. मी हरामाचं घेत न्हाई. तेवढा कोठीत ठेवून घ्या. आता नियमाप्रमाणं दाताखाली धरा, पंत!"

हौसाने एक दाणा तळहातावर ठेवून पुढे केला. पंतांनी आधी दाण्याकडे, मग राजाकडे पाहिलं.

"महाराज... माझी दाढ दुखतेय."

"काल तर कटाकट फोडत होता!" कुणीतरी मागून म्हणालं.

"नियम म्हणजे नियम, पंत!" राजा गरजला. त्याला आता मजा वाटू लागली होती. "धरा!"

पंतांनी गालावर हात धरून भुईवर लोळण घेतली. "मेलो! दाढ गेली! खालचीही गेली!"

"ऱ्हाऊ द्या वो," हौसा म्हणाली. "बिचाऱ्यांच्या दाढा किडल्या असतील." मग ती सिंहासनापाशी गेली, पदर सावरला आणि तोच दाणा राजापुढे धरला. "ज्यांनी नियम केला, त्यांच्या दाढा तरी धड असतील! महाराज, आ करा!"

राजाने दाण्याकडे पाहिलं. त्याच्या मिशा थरथरल्या. भालदाराचा हात भाल्याकडे गेला, आणि राजा पोट धरून असा हसला, की मुकुट घरंगळत जाऊन टोपलीपासून वीतभर अंतरावर थांबला!

"पुसा!" हसता हसता तो ओरडला. "ती पाटी पुसून टाका! आठ नाही, सोळा पायल्या द्या बाईला! भिंत सरकारी गवंडी बांधतील. आणि यापुढे कुणी शिधा गेल्याचं सांगायला आलं, की पंतांनी त्याच्या घरी जाऊन डोळ्यांनी बघून यायचं आणि त्याच दिवशी धान्य पोचवायचं!"

पंत टुणकन उठून बसले. "चालत जायचं, महाराज?"

"चालत! आणि पहिलं पोतं हौसाबाईच्या घरी, आत्ता, तुमच्याच पाठीवरून!"