पाहुण्याला एकच घास

कोंबड्या बोलत असत त्या काळातली पौष वद्य पंचमी. थंडी कडाक्याची, वारा अजिबात नव्हता. शेजारच्या वाडीतला टर्की कुंपणातून आत आला आणि ठिपकी कोंबडीला आभाळ ठेंगणं झालं. एवढा थोर पाहुणा तिच्या खुराड्यात कधीच आला नव्हता.

“या पाव्हणं, आमचं खाद्य चाखा. रक्ती हगवणीचं औषध घातलंय. पिल्लं बघा कशी टुणटुणीत झालीत.”

“पोट भरलंय, वहिनी.”

“एवढा देह अन् चिमणीएवढं खाणं? माझ्यासाठी एक घास.”

मग एक घास आत्याबाईंसाठी झाला, एक कोंबडेरावांसाठी, एक अजून अंड्यात असलेल्या बाळासाठी. खुराडं हसून लोळत होतं. टर्की उठायला गेला आणि मटकन बसला, तेव्हा तर सगळ्यांची हसून मुरकुंडी वळली.

“पाव्हणं, सुस्ती आली की काय? पाय हलवा.”

“हलवतोय, वहिनी. हलत नाहीत.”

ठिपकीला खाद्यातलं औषध आठवलं आणि तिने लाथ मारून भांडं उलथवलं. मागून आत्याबाई म्हणाल्या, “अगं, अजून माझ्या माहेरचा घास राहिलाय.”

टर्की दुसऱ्या दिवशी सकाळी मेला; कोंबड्यांना मानवणारं ते औषध टर्कीला विष होतं. त्याच भांड्यातलं खाणारं एकही पिल्लू आजारी पडलं नाही.