रंगारी कोणत्या मशिदीचा?

फार पूर्वी, म्हणजे कापड गिरणीत न निघता घराघरांतल्या मागांवर निघायचं त्या काळी, नदीकाठी मोमिनांचं एक गाव होतं. मोमिन म्हणजे विणकर. घरटी एक माग आणि सगळ्या गावाला मिळून एक मशीद. अजान झाली की माग थांबायचे, नमाज संपली की पुन्हा खटखट सुरू व्हायची. माणसं भांडायची, नाही असं नाही. पण भांडायची ती कोंबड्यांवरून, नाहीतर लग्नातल्या मानपानावरून. नमाजेवरून भांडता येतं हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं.

मग एका जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, इमामांनी नमाजेत कुराणातली पहिली सूरह फातिहा पढून संपवली आणि मागच्या रांगेतल्या एकानं मोठ्यानं 'आमीन' म्हटलं. आमीन म्हणजे 'या अल्लाह, कबूल कर.' गावात ते मनातल्या मनात म्हणायची रीत होती. हा माणूस परगावी राहून आला होता, तिकडं मोठ्यानं म्हणायची रीत होती. शेजारच्यानं त्याला कोपर मारलं. पुढच्या जुम्म्याला आणखी काहींनी मोठ्यानं म्हटलं, आणि आणखी कोपरं हलली. वर्ष सरायच्या आत गावात दोन मशिदी झाल्या. जुनी ती वरची, नदीकडची नवी ती खालची.

मग वाटणी झाली. अगदी न्यायानं झाली. मय्यत न्यायचा जनाजा वरच्यांना गेला, मय्यतीला अंघोळ घालायची फळी खालच्यांना गेली. जेवणावळीच्या तांब्याच्या देगा वरच्यांना, त्यांची झाकणं खालच्यांना. कुणी कुणाचं रत्तीभर लुबाडलं नाही. बिर्याणी मात्र दोन्हीकडं कच्ची राहू लागली.

पुढं पुढं गोष्ट हाताबाहेर गेली. वरच्या गल्लीतल्यानं चुकून खालच्या मशिदीत नमाज पढली, तर तो उठून गेल्यावर ती जागा पाण्यानं धुऊन काढत. वरचेही तेच करत. अल्लाहपुढं कपाळ टेकल्यानं जमीन कशी बाटते, हे कुणी विचारलं नाही. एकमेकांच्या मय्यतीला जाणंही बंद झालं. सोयरीक मात्र जुनी, दोन्ही गल्ल्यांत गुंतलेली. कुणाची बहीण वर, कुणाचा मामा खाली.

गावात रंगारी एकच होता. त्याचं घर दोन गल्ल्यांच्या मधल्या चौकात होतं. दोन्हीकडचं सूत तोच रंगवायचा. जिथं असेल तिथं अजान कानावर आली की तिथल्या मशिदीत शिरायचा. नदीवर सूत धूत असला तर खालच्या, बाजारात असला तर वरच्या. त्याच्यामागं मात्र कुणी जमीन धुतली नाही. रंगारी रुसला तर सूत रंगवणार कोण? धर्माचा कडवेपणा असा सोय बघून वागत होता, याचं कुणाला हसूही येत नव्हतं.

त्याची बायको हुरमतबी. बोलायला कमी, पण एकदा नाही म्हणाली की बैल जुंपले तरी हलायची नाही.

एका उन्हाळ्यात, सकाळी निळीच्या हौदाशी काम करता करता रंगारी खाली बसला, तो उठलाच नाही. हुरमतबी पाणी घेऊन धावली. तोवर सगळं संपलं होतं.

घटकाभरात वरच्या मशिदीचा माणूस आला. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "चाची, फार वाईट झालं. इमामसाहेबांनी विचारलंय, चाचा आपल्याच मशिदीचे ना? तेवढं सांगा, म्हणजे सगळी गल्ली घेऊन येतो. फक्त मग खालच्यांनी आमच्या रांगेत उभं राहायचं नाही."

तो वळतोय तोच खालच्या मशिदीचा माणूस आला. त्यानंही हेच विचारलं आणि हीच अट घातली. शब्दसुद्धा जवळजवळ तेच होते.

हुरमतबी म्हणाली, "सांगते." आणि आत गेली.

आत तिची एकुलती एक मुलगी रडत बसली होती. ती वरच्या गल्लीत दिलेली. ती म्हणाली, "अम्मा, खालची म्हणू नकोस. मग आमच्या घरातलं कुणी येणार नाही. अब्बांना कबरीत उतरवायला जावई नाही, असं होईल."

दारात दीर उभा होता, रंगाऱ्याचा सख्खा धाकटा भाऊ. तो खालच्या गल्लीतला. तो म्हणाला, "भाभी, वरची म्हणालात तर मला भावाला खांदा देता यायचा नाही. लहानपणी त्यानं मला खांद्यावर घेऊन नदी ओलांडलीय."

हुरमतबीनं दोघांकडं पाहिलं. एक नाव घ्यायचा अवकाश, आणि या दोघांपैकी एकाला ती आज कायमचं तोडणार होती. तिला नवऱ्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त आता तिला राग आला होता.

"मी कुणाचंच नाव घेणार नाही," ती म्हणाली.

"मग दफन कसं होणार?" दीर म्हणाला. "ऊन चढतंय. मय्यत अशी ठेवता येत नाही."

"ठेवणार नाही. आजच होईल."

खालच्यांची फळी तिनं मागितली नाही. स्वयंपाकघराचं दार बिजागरीतून काढलं आणि त्यावर नवऱ्याला निजवलं. बायकोनं नवऱ्याला गुस्ल, म्हणजे शेवटची अंघोळ, घालायला शरीअतीची मनाई नाही, हे तिला ठाऊक होतं. पडदा धरायला जाऊबाई आणि मुलगी होत्या. रंगाऱ्याचे हात कोपरापर्यंत निळे होते, नखंही निळी. मुलगी ते घासू लागली.

"राहू दे," हुरमतबी म्हणाली. "पाणी पोचलं, झालं. कष्टाचा रंग आहे, तो लपवायला कशाला हवा?"

वरच्यांचा जनाजाही तिनं मागितला नाही. ज्या बांबूंवर रंगवलेलं सूत वाळत घालायचे त्यातले दोन काढले, आडव्या काठ्या बांधल्या, वर चटई टाकली. घरात न रंगवलेलं कोरं कापड होतं, त्याचं कफन केलं. सगळं तयार झालं तेव्हा दोन्ही मशिदींत जोहरची, म्हणजे दुपारची, नमाज सुरू होती.

"उचला," ती म्हणाली.

बायांनी जनाजा उचलायची रीत नाही. हुरमतबीला ते माहीत होतं, बाकीच्यांनाही माहीत होतं. जाऊबाई कचरली. "लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणायला तोंड राहिलंय का आज?"

हुरमतबी, मुलगी, जाऊबाई आणि शेजारची एक म्हातारी. चौघींनी जनाजा खांद्यावर घेतला. म्हातारीनंही शेवटपर्यंत बांबू सोडला नाही. दोन मशिदींच्या मध्ये एक मोकळं मैदान होतं. तिथं त्यांनी तो खाली ठेवला. हुरमतबी उशाशी, तापलेल्या मातीत बसली.

नमाज संपून दोन्हीकडची माणसं बाहेर आली आणि जागच्या जागी थबकली. इकडचे इकडं, तिकडचे तिकडं, मध्ये रंगारी. दोन्ही इमाम पुढं आले. वरचे म्हातारे होते, खालचे तरुण. कित्येक वर्षांत ते एकमेकांच्या इतके जवळ उभे राहिले नव्हते.

वरचे इमाम म्हणाले, "बाई, हे शोभत नाही. एका शब्दाचं काम आहे. सांगून टाका, रंगारी कोणाचा?"

हुरमतबीनं मान वर केली. "इमामसाहेब, सकाळी बातमी कळली तेव्हा तुमच्या तोंडून पहिलं काय निघालं?"

"दुसरं काय निघणार? इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन."

"आणि तुमच्या?" तिनं खालच्या इमामांना विचारलं.

"तेच," ते म्हणाले.

"मला अरबी येत नाही. तुम्ही दोघं शिकलेले आहात. त्याचा अर्थ सांगा."

बोलायचं कुणी, हा एक प्रश्न, आणि बोलल्यावर पुढं काय येणार हे दोघांनाही कळलं होतं. शेवटी तरुण इमाम हळू आवाजात म्हणाले, "आम्ही अल्लाहचे आहोत, आणि त्याच्याकडंच परत जाणार आहोत."

"मग तो कोणाचा, हे सकाळपासून मला का विचारताय?" हुरमतबी म्हणाली. "नमाज पढणार असाल तर सगळे मिळून पढा. नसाल तर तसं सांगा, आम्ही बाया माती देऊ. एकाच मशिदीचा माणूस म्हणून मी त्याला इथनं नेऊ देणार नाही."

मग वरच्या गर्दीतून एकजण ओरडला, "खालच्यांच्या मागं आमची नमाज होत नाही." खालच्या गर्दीतून लगेच उत्तर आलं, "तुमच्या मागं आमची तरी कुठं होते?"

तरुण इमाम आपल्या माणसांकडं वळले. "ही नमाज फर्ज-ए-किफाया आहे," ते म्हणाले. "गावातल्या काहींनी पढली तर सगळे सुटले. कुणीच पढली नाही तर सगळं गाव गुन्हेगार. आणि गाव म्हणताना शरीअत गल्ली विचारत नाही." एवढं बोलून ते चालत गेले आणि वरच्या इमामांच्या मागं, पहिल्या रांगेच्या जागी एकटेच उभे राहिले.

त्यांच्याच एका माणसानं धावत जाऊन त्यांची बाही धरली. "मौलवीसाहेब, काय करताय? मागं या. उद्या आम्ही तोंड कसं दाखवायचं?"

"कबरीत मला फरिश्ते विचारतील, तुझा रब कोण, तुझा दीन-धर्म कोणता, तुझे नबी कोण," तरुण इमाम म्हणाले. "यांच्या मागं का उभा राहिलास, हा सवाल त्यात नाही. असला तरी मी उत्तर देईन. बाही सोड."

त्यानं बाही सोडली. मग तो इमामांच्याच शेजारी, खांद्याला खांदा लावून उभा राहिला.

आता वरच्या इमामांची पाळी होती. त्यांनी जनाज्याकडं पाहिलं, मागं उभ्या राहिलेल्या त्या दोघांकडं पाहिलं. मग खालच्या गर्दीतल्या रंगाऱ्याच्या भावाला हाक मारली. "इकडं या. वारस म्हणून ही नमाज पढवायचा पहिला हक्क तुमचा आहे. तुमची परवानगी असेल तरच मी पुढं होतो."

भावानं मान डोलावली आणि डोळे पुसत रांगेत जाऊन उभा राहिला. त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला तो रंगाऱ्याचा जावई. मग रांगा भरू लागल्या. काहीजण आलेच नाहीत. ते घरी जाऊन जेवले. त्यांचं काय ते त्यांचं त्यांना माहीत.

जनाज्याची नमाज फार साधी असते. कमरेत वाकायचा रुकू नाही, कपाळ टेकायचा सजदा नाही, उभ्या उभ्या चार वेळा 'अल्लाहु अकबर.' बाकीचं सगळं ज्यानं त्यानं मनात पढायचं. ज्या एका शब्दापायी गाव दुभंगलं, तो मोठ्यानं म्हणायची वेळच तिथं येत नाही. कुणी प्रत्येक 'अल्लाहु अकबर'ला हात उचलले, कुणी फक्त पहिल्या वेळी. कोपर कुणाचंच हललं नाही.

कब्रस्तानात दोघं कबरीत उतरले, भाऊ आणि जावई. दोन मशिदी झाल्यापासून ते एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. पण अरुंद जागेत माणूस हातावर घ्यायचं, तर न बोलून कसं चालेल?

"डोकं मी धरतो," भाऊ म्हणाला. "तू पाय सांभाळ, बेटा."

"हळू, चाचा," जावई म्हणाला. "खाली दगड आहे."

पुढच्या जुम्म्याला सगळ्यांना चकित करत वरचे इमाम उतार उतरून खालच्या मशिदीत गेले. त्यांच्यामागून त्यांची माणसंही गेली, काही मनापासून, काही नुसतं बघायला. तरुण इमामांनी त्यांना मिंबरवर, म्हणजे प्रवचनाच्या पायऱ्यांवर, बसवलं.

मग वरचे इमाम म्हणाले, "आमीन मोठ्यानं म्हणणारेही बुजुर्ग होऊन गेले, मनात म्हणणारेही बुजुर्ग होऊन गेले. दोन्ही रीती मी एकाच उस्तादांकडं शिकलो. हे मला त्या पहिल्या कोपराच्या दिवशीही माहीत होतं. तेव्हाच सांगितलं असतं तर मशीद फुटली नसती. मी गप्प राहिलो. भांडण पेटलं की लोक इमामाच्या जास्त जवळ येतात, मला ते गोड लागलं. एका बाईनं अर्थ विचारला तेव्हा मला माझीच लाज वाटली."

कुणीतरी विचारलं, "मग आता काय करायचं?"

"कलमा, नमाज, रोजा, जकात, हज," म्हातारे इमाम म्हणाले. "इस्लामचे हे पाच खांब मानण्यात आपलं भांडण कुठं आहे ते मला दाखवा. नाही ना? मग तिथं एकत्र उभे राहू. बाकी जे विचारायचं, ज्यावर वाद घालायचा, ते एका रांगेत उभं राहिलेल्या माणसांनी करायचं. रांग सोडून नाही. हे सोपं जाणार नाही. मला तर नाहीच नाही. पण यापुढं यातून मी मागं हटणार नाही."

दाराबाहेर अजून बरीच माणसं उभी होती, आत यावं की नाही ते ठरत नसलेली. आतल्या रांगांतून कुणीतरी म्हणालं, "सरका जरा, त्यांना जागा करा." आणि माणसं सरकली.

ही गोष्ट ज्याच्यापर्यंत पोचेल त्यानं तात्पर्य म्हणून एवढं गाठीला बांधावं: ज्या शब्दांवर सगळ्यांचं ईमान उभं आहे ते नुसते पढू नयेत, त्यांचा अर्थही पाळावा. मग रीतींत फरक राहील, पण माणसांत फूट राहणार नाही.