हिवाईच्या मुठेलाची कहाणी

ऐका हिवाईबाई, तुमची कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका. पाय लुगड्याखालीं लपवूं नका, टाचा सगळ्यांच्याच फुटल्या आहेत.

आटपाट नगराच्या खालच्या अंगाला नदी होती. नदीकांठीं भागू नांवाची परटीण राहत होती. नवरा गाठोडीं पोचवायला गांवोगांव जाई. घरांत म्हातारी सासू होती, चार महिन्यांची तान्ही लेक होती. मार्गशीर्ष लागला, थंडी पडली. भागू पहाटे घाटावर जाई, खाराच्या पाण्यांत हात घाली, गार पाण्यांत कपडे पिळी. हात फुटले, बोटांना चिरा पडल्या, चिरांतून रक्त आलं.

मग काय झालं? भागूनं लेकीला पाजायला घेतलं, गालावरून हात फिरवला. गालावर ओरखडा उठला, पोर कळवळून रडली. दुसऱ्या दिवशीं घेतलं, पुन्हा रडली. तिसऱ्या दिवशीं नुसता हात पुढं येतांना पाहिला आणि आधींच रडली. मग भागूनं हातांना फडकीं गुंडाळलीं. फडक्यानं लेक घेई, फडक्यानं पाजी. शेजारीण उघड्या हातांनी खेळवी, पोर तिच्याकडे बघून हसे. आईच्या जिवाला काय वाटलं असेल, तें मी सांगायला नको.

एके दिवशीं भागू घाटावर रडत बसली. तिथं एक म्हातारी आली, अंगावर घोंगडी, हातांत काठी. तीच हिवाई. "बाई, कां रडतेस?" "आजी, हात फुटले. लेकीला शिवतां येत नाहीं." "मी तुला वसा सांगेन. घेतलास तर सोडायचा नाहीं." "नाहीं सोडणार." मग म्हातारीनं कोकमाच्या बियांच्या तेलाचं, मुठींत वळलेलं मुठेल दिलं. म्हणाली, "आजपासून रथसप्तमीपर्यंत, आणि पुढं दर हिवाळ्यांत, रोज संध्याकाळीं सासूचे पाय कोंबट पाण्यानं धुवावे. कढत पाणी घेऊं नये, खसाखसा घासूं नये. पाय टिपावे, ओल आहे तोंवर मुठेल पातळ करून टाचांना चोळावं." "आणि माझ्या हातांना?" "हातांना वेगळं कांहीं करायचं नाहीं." एवढं बोलून म्हातारी दिसेनाशी झाली.

भागू मनांत म्हणाली, रक्त माझ्या हातांतून येतंय, आणि हिला सासूच्या टाचांची पडली आहे. पण करील काय? संध्याकाळ झाली, पाणी कोंबट केलं, पाटावर बसली. पहिल्या दिवशीं सासूनं पाय बिचकत पुढं केले. दुसऱ्या दिवशीं म्हणाली, "डाव्या टाचेला जरा जास्त लाव." तिसऱ्या दिवशीं माहेरच्या गोष्टी सांगूं लागली. पंधरा दिवसांनी टाचांच्या भेगा मिटल्या. मग भागूनं आपल्या हातांकडे पाहिलं. चोळतां चोळतां ते कधीं मऊ झाले, तिला कळलंच नव्हतं. फडकीं सोडलीं, लेकीच्या गालावरून हात फिरवला. पोर हसली. भागू मात्र रडली.

मग राणीच्या कानावर गेलं, अमक्या परटिणीच्या हाताला रेशीम अडकत नाहीं. राणीचे शालू आले, राजवाड्याचं काम आलं. मोठं घर झालं, गडी आले, दासी आली. पुढल्या वर्षीं मार्गशीर्ष आला. भागू म्हणाली, "मला कुठला वेळ?" चांदीच्या वाटींत मुठेल भरलं, दासीबरोबर सासूच्या खोलींत पाठवलं. रोज वाटी जाई, हात कांहीं जाईना. हिवाईला तें कसं आवडावं?

भागूचे हात पुन्हा फुटले. राणीचा शालू बोटाला अडकला, जरीची तार निघाली. राणीनं काम काढून घेतलं. गडी गेले, दासी गेली. त्याचं भागूला एवढं वाटलं नाहीं. पण लेक आतां चालूं बोलूं लागली होती. भागूनं तिला जवळ घेतलं, तशी ती हात सोडवून पळाली. "आईचा हात बोचतो," म्हणाली, आणि आजीच्या खोलींत शिरली.

भागू मागोमाग गेली. बघते तों भिंतीशीं वाट्यांची ओळ. मोजल्या, नऊ भरल्या. मुठेल थिजून पांढरं झालेलं, एकींतही बोट बुडालेलं नाहीं. "आत्याबाई, लावलं नाहींत?" "कशी लावूं गं? कंबर वाकत नाहीं. वाटी जवळ आहे, टाच लांब आहे." "मग हाक कां नाहीं मारलीत?" "तूं कामांत होतीस."

भागू खालीं बसली. पाणी कोंबट केलं, वाटी निखाऱ्यावर धरली. "पाय द्या, आत्याबाई." सासूनं पाय आंखडले. पुन्हा म्हणाली, "पाय द्या." पाय आंखडलेलेच. तिसऱ्यांदा म्हणाली, "माझं चुकलं. पाय द्या." मग सासूनं पाय पुढं केले. भेगांत रक्त सुकलेलं होतं. भागू चोळूं लागली, बोटं झोंबलीं तरी थांबली नाहीं. लेक कोपऱ्यांतून बघत होती. हळूच आली, वाटींत पांची बोटं बुडवलीं, आणि आईच्या टाचेला लावूं लागली. भागूला रडूं आलं. डोळे पुसायला हात रिकामे नव्हते.

पुढं हात बरे झाले, राणीचं बोलावणं पुन्हा आलं. भागू म्हणाली, "येईन, पण संध्याकाळचं काम सांगूं नका."

जशी हिवाईबाई भागूला पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. कुणाच्या घरीं वाटी थिजूं नये, कुणाची लेक आईच्या हाताला भिऊं नये. साठ बोलांची कहाणी पांच बोलांत सांगितली, इथं सुफळ झाली, संपूर्ण झाली. आतां मुठेलाची वाटी फिरवा, आणि शेजारीं बसली आहे तिचे पाय मांडीवर घ्या.