निर्धोक पेटी

एका तालुक्याच्या गावी एकदा एक विज्ञानशिक्षिका होती आणि तिला काचेची भीती वाटत असे. सुनेत्रा तिचं नाव. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिच्या वर्गात एक परीक्षानळी तडकली आणि तापलेल्या द्रावणाचे थेंब एका मुलीच्या भुवईवर उडाले. डोळा थोडक्यात बचावला. मुलगी महिन्याभरात ते विसरूनही गेली, सुनेत्रा मात्र विसरली नाही. शेजारच्या घरात पेला पडला तरी ती दचकून उभी राही.

त्यानंतर सहा वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेला कुलूप होतं आणि किल्ली तिच्या पर्समध्ये होती. भीतीने माणूस आळशी होतो असं कोणी समजू नये. सुनेत्रा दुप्पट राबली. तिने एक विज्ञानपेटी तयार केली. तीत रंगीत तक्ते होते, थर्माकोलच्या प्रतिकृती होत्या, प्लास्टिकच्या नळ्यांत रंगवलेलं पाणी होतं आणि प्रत्येक प्रयोगाचं एक गाणंही होतं. मुलांना पेटी फार आवडे. प्रयोगवह्याही वेळेवर पूर्ण होत, कारण फळ्यावरून उतरवून घ्यायला असा कितीसा वेळ लागतो? पाहता पाहता तालुक्यातल्या चाळीस शाळांनी पेटी मागितली. आता फक्त एका जाणत्या माणसाचं शिफारसपत्र हवं होतं.

ज्यांच्या हाताखाली ती शिकवायला शिकली, ते वृद्ध गुरुजी तिच्या आग्रहावरून शाळेत आले. त्यांनी पेटी पाहिली, तक्त्यांचं मनापासून कौतुक केलं आणि मग नववीच्या प्रयोगवह्या मागवल्या. चहा निवेपर्यंत ते वह्या चाळत होते. एका पानापाशी ते थबकले. दुसरी वही काढली, तिसरी काढली, तेच पान पुन्हा पाहिलं.

“प्रयोगशाळेची किल्ली दे,” ते म्हणाले.

“सर, तिथे बघण्यासारखं काही नाही हो. नुसती धूळ आहे.”

“दे तर खरी.”

दहा मिनिटांनी गुरुजी थेट नववीच्या वर्गात आले. हातात एक काचेचं चंचुपात्र आणि एक बाटली होती. बाटलीवरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं ‘संहत सल्फ्युरिक आम्ल’. मागोमाग आलेल्या सुनेत्राने दाराची चौकट घट्ट धरली. गुरुजींनी पात्रात बोटभर द्रव ओतला, कावेरी नावाच्या मुलीला पुढे बोलावलं आणि तिच्या हातात पाण्याचा पेला दिला.

“आम्ल विरल कसं करतात, बाळ? वहीत लिहिलंस तसं करून दाखव.”

आम्लात पाणी ओतलं की काय होतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्या अंगावर इथे काटा यावा. मिश्रण क्षणात उसळतं आणि तोंडावर उडतं. म्हणून नेहमी पाण्यात आम्ल सोडायचं, तेही थोडं थोडं, ढवळत. कावेरीने मात्र पात्रावर वाकून सरळ पेला कलता केला. आणखी पाचसहा डोकी कौतुकाने पुढे झुकली. सुनेत्रा धावली, वाटेतली खुर्ची आडवी झाली. तिने कावेरीला छातीशी ओढून पात्राकडे पाठ केली आणि डोळे गच्च मिटले.

काही झालं नाही. कोणीतरी खुदकन हसलं.

“बाई, काय झालं?” कावेरीने विचारलं. “वहीत असंच लिहिलंय. तुम्ही बरोबरची खूणसुद्धा केलीय.”

ते खरं होतं. कोणा एकाने फळ्यावरचं वाक्य उलटं उतरवलं होतं, उरलेल्यांनी त्याचं पाहून लिहिलं होतं आणि बत्तीसही वह्यांत त्याखाली तांबडी खूण आणि सुनेत्राची सही होती.

“नळाचं पाणी आहे,” गुरुजी म्हणाले. त्यांनी बाटलीवरची चिठ्ठी ओरबाडून काढली. “मुलांनो, बाटलीवर खोटं नाव लावणं हा अपराध आहे. आज तो मी केला. तुम्ही कधी करू नका.”

बाहेर व्हरांड्यात येताच सुनेत्राला रडू कोसळलं आणि रागही आला. “सर, माझा जीव जायची वेळ आली होती! असं कोणी करतं का?”

“वर्गात बत्तीस मुलं होती,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “घाबरलीस ती तू एकटी. मला त्या बत्तीस जणांचं भय वाटलं. दोन-तीन वर्षांनी ही मुलं कुठल्यातरी कॉलेजात खऱ्या बाटलीपुढे उभी राहतील आणि अशीच हसत पाणी ओततील. तेव्हा मागे ओढायला तू नसशील. आम्ल दूर ठेवलंस हे योग्यच केलंस, या वयात ते त्यांच्या हाती द्यायला नकोच. पण त्याबरोबर भीतीही कुलपात ठेवलीस. सगळी तुझ्याकडेच राहिली. थोडी त्यांना द्यायची होतीस, हात सावध राहील एवढी.”

शिफारसपत्र त्यांनी सही न करता तिच्या हाती परत दिलं.

सुनेत्राने चाळीस शाळांना कळवलं, की पेटी या वर्षी मिळणार नाही. काहींनी नाकं मुरडली, एका मुख्याध्यापकांनी म्हाताऱ्याला चळ लागल्याचंही बोलून दाखवलं. ती कामाला लागली. तक्ते राहिले, गाणीही राहिली. त्यांच्या जोडीला खरी काच आली, लिंबाचा रस आणि खायचा सोडा आला, स्पिरिटचा दिवा आला, प्रत्येकाला डोळ्यांवर लावायचा चष्मा आला. प्रत्येक प्रयोगपत्रिकेवर ‘कृती’च्या आधी एक रिकामी चौकट आली, ‘यात काय बिघडू शकतं?’ ती ज्याने त्याने स्वतःच्या डोक्याने भरायची. भरल्याशिवाय काडी ओढायची नाही.

प्रयोगशाळा उघडली त्या दिवशी दिवा पेटवण्याची पाळी कावेरीची होती. तिने काडी हातात घेतली आणि ती तशीच उभी राहिली.

“बाई, मला भीती वाटतेय.”

सुनेत्राचा हात आपोआप काडीकडे गेला. तो तिने मोठ्या कष्टाने मागे घेतला.

“मलाही,” ती म्हणाली. “वेणी मागे टाक. आता पेटव.”