उसवलेली शिवण

सामानालाही तोंड होतं, तेव्हाची गोष्ट. एक माणूस मोजकंच सामान घेऊन गड चढत होता. तरी सॅकमध्ये कुरबूर सुरू झाली.

“ही पुरचुंडी कोण? गाठ मारून गप्प बसलीय,” पातेलं म्हणालं.

“काहीतरी लपवतेय,” दोरी कुजबुजली. “ए बाई, गाठ सोड!”

“चुलीपाशी सोडेन. इथे सोडली तर सांडेन मी.”

“बघ, टाळतेय! ढकल हिला,” दोरी म्हणाली. पातेल्याने पुरचुंडीला उसवलेल्या शिवणीतून बाहेर ढकललं.

गडावर पिठलं शिजलं. पहिल्याच घासाला माणसाचं तोंड वाकडं झालं. मीठ शोधत त्याने अख्खी सॅक उपडी केली.

उतरताना पातेलं म्हणालं, “ढकल म्हणालीस तूच.”

दोरी शिवणीपासून हळूच लांब सरकली.