अनसाबाईचा काढा आणि हैबतीचा भरवसा

एका गावात एक भोळा नवरा होता. त्याचं नाव हैबती. भोळा हा शब्द गाव त्याच्या बायकोसमोर वापरायचं. ती समोर नसली की दुसरा वापरायचं.

बायकोचं नाव अनसाबाई. ती आवळा, गुळवेल, सुंठ आणि गूळ घालून शक्तीचा काढा करायची. कृती तिच्या वडिलांची, आणि काढा खरोखर गुणाचा. आता गुणाची वस्तू आणि गुणाचा नवरा एकाच घरात आले की धंदा कसा वाढतो, ते ऐका.

काढा आटेपर्यंत ढवळावा लागायचा. हात थांबला की तो बुडाला लागलाच. म्हणून अनसाबाईला परसातली चूल सोडून हलता येत नसे. बाहेरचं सगळं हैबतीकडे होतं. देव एकेकाची परीक्षा बघतो ती अशी.

तालुक्याच्या निळूशेठची औषधांची बारा दुकानं होती. त्या बारा दुकानांत आपल्या बाचा काढा लागावा, एवढा एकच ध्यास अनसाबाईला होता. शेठ म्हणाले होते, "आधी गावात खपवून दाखवा. मग बघू." हैबतीचा ध्यास याहून लहान होता. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. अनसाबाईने एकदा तरी 'बरं केलंत' म्हणावं, असं त्याला फार वाटायचं. अठरा वर्षांत तो योग आला नव्हता.

सोमवारी बाजार भरला. अनसाबाईने बाटल्या पिशवीत घालून दिल्या आणि सांगितलं, "नुसती बाटली पुढं केली म्हनून कुनी घेत न्हाई. मानसाला भरवसा वाटाया पायजे. आपन सवता पिऊन दाखवायचं."

"पिऊन दाखवायचं," हैबती म्हणाला आणि विसरायला नको म्हणून त्याने खांद्यावरच्या पंच्याला गाठ मारली.

बाजारात पहिल्या गिऱ्हाइकाने विचारलं, "कशाची बाटली?" हैबतीने ती उघडली आणि गटागटा पिऊन दाखवली. रिकामी बाटली कोण घेणार? गिऱ्हाईक गेलं. दुसरं आलं. त्यालाही पिऊन दाखवली. दुपारपर्यंत सात गिऱ्हाइकं झाली आणि सात बाटल्या हैबतीच्या पोटात गेल्या. मग आवळ्याने आपलं काम सुरू केलं. हैबती टमरेल घेऊन ओढ्याकडे पळाला. परत आला, तसाच पुन्हा पळाला. उभा बाजार त्याच्या फेऱ्या मोजत बसला.

"इकनाऱ्याची ही गत," एक म्हातारा म्हणाला, "तर घेनाऱ्याचं काय हुईल?"

हैबती घरी आला तो भिंत धरून. अनसाबाईने कपाळावर हात मारला. "अवं, आपन कशाला प्यायचं? आपन का आजारी हाय? ज्याच्या अंगात तरान न्हाई, ज्याला उठून बसता येत न्हाई, असं मानूस हुडकायचं. त्याला दोन चमचे पाजायचे. त्यो उठून चालाय लागला की समदं गाव बाटली मागंल."

"उठून बसता येत न्हाई, असं मानूस," हैबती म्हणाला आणि त्याने पंच्याला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी तो बाटली आणि चमचा घेऊन निघाला. पण त्या दिवशी गावाला काय झालं होतं कोण जाणे, सगळी माणसं आपापल्या पायांवर चालत होती. हैबती अगदी हताश झाला. तेवढ्यात वेशीजवळ त्याला केरबाआबा दिसले. इतका अशक्त माणूस हैबतीने जन्मात पाहिला नव्हता. आबांना न्यायला चौघे लागत होते आणि डोळे उघडायचंसुद्धा त्राण त्यांच्यात उरलं नव्हतं. पुढे मडकं होतं, मागे सगळी भावकी होती.

"थांबा, थांबा!" म्हणत हैबती धावला. तिरडी थांबली. गंगाजल घालायचं राहिलं असेल, असं लोकांना वाटलं. हैबतीने दोन चमचे आबांच्या तोंडात घातले आणि हात झटकले.

"काय पाजलंस रं?" आबांच्या थोरल्या मुलाने विचारलं.

"शक्तीचा काढा. आता खाली उतरवा. चालत येत्याल."

त्यानंतर भावकीने हैबतीला जे दिलं ते चमच्याने दिलं नाही. पण मार परवडला. संध्याकाळपर्यंत गावात वेगळीच बातमी झाली. केरबाआबांनी हैबतीचा काढा घेतला आणि अर्ध्या तासात त्यांना जाळावं लागलं. यात खोटं एक अक्षर नव्हतं. बघणारे शंभर साक्षीदार होते.

"अवं, मयताला कुनी शक्ती देतं का?" हैबतीची पाठ शेकता शेकता अनसाबाई म्हणाली. "असल्या वक्ताला मान खाली घालायची. डोळं पुसायचं. आन म्हनायचं, लई वाईट झालं. देवाची मर्जी. आता धीर धरा. त्याच्याम्होरं चकार शबूद बोलायचा न्हाई."

"लई वाईट झालं. देवाची मर्जी. आता धीर धरा." हैबतीने तीनदा घोकलं आणि पंच्याला गाठ मारली.

आठ दिवस गेले. केरबाआबांच्या बातमीनंतर काढ्याला कोणी शिवत नव्हतं. अशात वरच्या आळीची शेवंता हातात नारळ घेऊन अंगणात आली. अनसाबाई परसात चुलीपुढे होती. अंगणात हैबती एकटाच होता.

"भावजी, तुमच्या काढ्यानं कमाल केली!" शेवंता म्हणाली. "आमच्या आत्याबाई दोन वर्सं खाटंवर हुत्या. मागं वयनींनी बाटली दिली हुती, ती संपली आन आज आत्याबाई उठून उभ्या ऱ्हायल्या. सकाळच्याला सैपाकघरात येऊन मला भाकरी कशी थापायची त्ये सांगत हुत्या."

हैबतीने मान खाली घातली. पंच्याने डोळे पुसले. "लई वाईट झालं," तो म्हणाला.

शेवंता चपापली. तिने इकडे तिकडे पाहिलं. सकाळपासून सारा गाव तिला पेढे मागत होता. सासू उठल्याचं तिचं दुःख ओळखणारा हा पहिलाच माणूस भेटला होता.

"तुमाला तरी कळलं, भावजी," ती पदर तोंडाला लावून म्हणाली. "दोन वर्सं कशी सुखाची गेली हुती."

"देवाची मर्जी," हैबती म्हणाला. "आता धीर धरा."

आत्याबाई फाटकातच उभ्या होत्या. काढ्याच्या जोरावर एवढं अंतर त्या स्वतःच्या पायांनी चालून आल्या होत्या, आभार मानायला. काढ्याने त्यांचे कानही चांगलेच उघडले होते. त्या पुढे झाल्या, एका हातात नारळ घेतला, दुसऱ्या हातात शेवंतेचा दंड घेतला आणि दोन्ही घरी घेऊन गेल्या. वाटेत त्या काढ्याला ज्या शिव्या देत होत्या त्यांतही काढ्याचीच ताकद होती.

"अवं, बरं झालेलं मानूस म्हंजे आपली जाहिरात!" अनसाबाई आता ओरडलीच. "त्यात रडायचं काय हुतं? त्याला काय दुखनं हुतं, कशानं बरं झालं, त्ये त्याचं नाव घिऊन चारचौघांत सांगायचं! मोठ्यानं! छाती फुगवून!"

"नाव घिऊन. मोठ्यानं. छाती फुगवून." पंच्याला एव्हाना जागा कमी पडत होती, पण हैबतीने गाठ मारली.

त्यानंतर एका दुपारी शिदू पैलवान हैबतीला मळ्याच्या वाटेवर भेटला. शिदू म्हणजे गावाची शान. मान रेड्यासारखी. त्याने हैबतीला झाडाआड नेलं. अनसाबाईच्या लोणच्याच्या बरणीएवढ्या हाताने त्याने हैबतीचा खांदा धरला.

"हैबती, कुनाला बोललो न्हाई कधी. ल्हानपनापास्नं माझं अंथरून वलं व्हायाचं. शक्तीसाठी तुजा काढा घेतला, आन तीन महिनं झालं, थांबलं बघ. देवमानूस हाईस."

पुढच्याच आठवड्यात जत्रेचं मैदान भरलं. हलगी घुमत होती. शिदूने आखाड्यात उडी घेतली, माती कपाळाला लावली आणि पहिला शड्डू ठोकला. हैबतीने निवेदकाच्या हातातून माईक घेतला आणि छाती फुगवली.

"मंडळी! ह्ये शिदू पैलवान! ह्यांचं अंथरून रोज वलं व्हायाचं! आता तीन महिनं कोरडं हाय! अनसाबाईच्या काढ्याचा गुन!"

दुसऱ्या शड्डूसाठी उचललेला हात तसाच वर राहिला. समोरचा मल्ल हसून हसून मातीत आडवा झाला. त्याला चीत करायची एवढी सोपी संधी पुन्हा आली नसती. पण शिदू तोवर आखाड्याबाहेर, गावाबाहेर आणि शिवाराबाहेर गेला होता.

आणि गंमत बघा. इतके दिवस सांगूनसवरून न वाढलेला धंदा त्या दिवसापासून वाढला. फक्त तो पुढच्या दाराने न वाढता मागच्या दाराने वाढला. डोक्यावरून टॉवेल घेतलेली माणसं परसात यायची आणि हळूच म्हणायची, "एक बाटली द्या. पाव्हन्यासाठी पायजे." सरपंचांनी नेली. शाळेच्या गुरुजींनी नेली. भजनातल्या बुवांनी दोन नेल्या. गावात एकदम इतके पाहुणे यापूर्वी कधी आले नव्हते.

निळूशेठची गाडीही 'पाव्हन्यासाठी' बाटली न्यायला दर आठवड्याला यायला लागली. एकदा शेठ स्वतःच आले. त्यांनी हैबतीला बाजूला घेतलं. "गुण आहे. मी स्वतः घेऊन बघितलाय."

"म्हंजे तुमचंबी, शिदूवानी..."

"हळू बोल रे!" शेठ म्हणाले. मग ते परसात गेले आणि अनसाबाईला म्हणाले, "बाई, बाराही दुकानांत ठेवतो. हनुमान जयंतीच्या महाप्रसादाला मी येतोय, जेवण झालं की पक्कं करू. पण या काढ्याचं गिऱ्हाईक लाजरं आहे. एकाचंही नाव फुटलं, तर व्यवहार मोडला."

अनसाबाई त्या दिवशी पहिल्यांदा हसली. हैबतीलाही फार बरं वाटलं. 'बरं केलंत' आता कोपऱ्यावर आलं होतं.

हनुमान जयंतीला अनसाबाईने पहाटेच मोठं पातेलं चढवलं. बारा दुकानांचा काढा ढवळता ढवळता तिने हैबतीला समोर बसवलं. "शिदूच्या परकरनापास्नं लोक भ्यालेत. जेवढ्यांनी काढा नेलाय त्या एकेकाला गाठा आन भरवसा द्या, की तुमचं नाव आमी कुनाला सांगनार न्हाई. एकबी सुटता कामा न्हाई. आन सांगताना..."

एवढ्यात काढा उतू आला. अनसाबाई लाकडं ओढायला धावली आणि पुढचे दोन शब्द सांगायचे राहिले.

हैबती गाठ मारून निघाला. सरपंचांच्या घरी गेला, सरपंच नव्हते. गुरुजींच्या घरी गेला, गुरुजी नव्हते. घरोघर कुलूप. सगळा गाव मारुतीच्या देवळापुढे पंगतीला बसला होता. हैबतीला हायसं वाटलं. एकेकाला गाठायला याहून चांगली जागा कुठली? त्याने आमटीची बादली उचलली.

पहिल्या पानावर सरपंच बसले होते. हैबतीने आमटी वाढली. पंगतीत गलका होता, म्हणून तो जरा मोठ्याने म्हणाला, "सरपंच, निश्चिंत ऱ्हावा! तुमच्या अंथरुनाचं मी कुनाला सांगनार न्हाई!"

त्यानंतर गलका राहिला नाही. पण हैबतीचा आवाज तेवढाच राहिला.

चार पानं सोडून गुरुजी बसले होते. त्यांनी दोन्ही हातांनी पत्रावळ झाकली. "मला आमटी नको. नको म्हणतो ना!"

"आमटी ऱ्हाऊ द्या, गुरुजी. भरवसा तरी घ्या. तुमचंबी कुनाला कळनार न्हाई."

बुवा तर बादली बघूनच ओरडले, "मी पाव्हन्यासाठी नेला हुता!"

"व्हय, बुवा. पाव्हन्याचंबी सांगनार न्हाई. दोघांचंबी."

आता पंगतीत कोणी जेवत नव्हतं. ज्याच्या पानावरून हैबती न थांबता पुढे जाई, तो मारुतीकडे बघून हात जोडी. ज्याच्यापुढे थांबे, त्याचा घास घशात अडके. हैबती मात्र मन लावून काम करत होता. एकालाही विसरला नाही. बायकोने सांगितलेलं इतकं चोख त्याने आजवर केलं नव्हतं.

शेवटी निळूशेठ बसले होते. शेजारी त्यांचे होणारे व्याही होते. मुलीची सुपारी फोडायला आले होते आणि देवाचा प्रसाद घेऊन जावा म्हणून शेठनीच त्यांना आग्रहाने बसवलं होतं. हैबती पुढ्यात येऊन थांबला. शेठना घाम फुटला. त्याने तोंड उघडायच्या आतच ते ओरडले, "मी नाही! मी तुमचा काढा कधी तोंडाला लावलेला नाही!"

हैबतीचा चेहरा खुलला. सबंध पंगतीत सांगितलेलं बरोबर समजलेला हा एकच माणूस होता.

"हां! असंच म्हनायचं, शेठ!" तो म्हणाला. "कुनी इचारलं, तर मीबी त्येच सांगनार!"

व्याह्यांनी आपलं पान हळूच हातभर लांब सरकवलं.

हैबती घरी आला तो जवळजवळ नाचतच. अनसाबाई अजून ढवळत होती.

"दिला भरवसा?" तिने विचारलं.

"दिला. एकबी सोडला न्हाई. समदे पंगतीतच गाठले."

अनसाबाईच्या हातातला डाव थांबला. "आन शेठ?" तिने विचारलं.

"त्यांना तर एवढा भरवसा वाटला म्हनतीस," हैबती म्हणाला, "की भरल्या पानावरनं उठलं, आन हातबी न धुता गाडी पळवत गेलं. बारा दुकानं उघडायची घाई झाली आसंल."